लेवी शेतावर निघून गेले तेव्हा: नहेम्याच्या काळातल्या मंदिराचं एक प्रकरण

नहेम्या दुसऱ्यांदा यरुशलेमला आला तेव्हा मंदिराच्या आवारातल्या मोठ्या कोठडीत तोबीया नावाच्या माणसाचं बिऱ्हाड होतं. ती कोठडी राहण्याची जागा नव्हतीच. अन्नार्पणाचा जिन्नस, ऊद, मंदिराची भांडी, शिवाय लेवी (मंदिराच्या सेवेसाठी नेमलेला इस्राएलाचा एक वंश), गायक आणि द्वारपाळ यांच्या वाट्याचं धान्य, नवा द्राक्षारस आणि तेल साठवायचं ते कोठार होतं. कोठड्यांची देखरेख एल्याशीब याजकाकडे, म्हणजे वेदीवर अर्पणं वाहणाऱ्या पुरोहिताकडे, होती, तोबीयाशी त्याचे लागेबांधे होते, आणि त्यातून ही जागा दिली गेली होती. नहेम्या संतापला. त्याने तोबीयाचं सगळं सामानसुमान उचलून बाहेर टाकलं, कोठड्या शुद्ध करायला लावल्या आणि मंदिराच्या वस्तू पुन्हा आत आणल्या.

जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकात, 13व्या अध्यायात, ही हकिगत त्याच्याच तोंडून आली आहे. वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं ते बाहेर टाकलेलं सामान. मी मात्र दर वेळी थांबतो ते त्यापुढच्या वचनावर. नहेम्याला कळलं की लेवींना त्यांचा वाटा मिळालेलाच नाही, आणि सेवेतले लेवी व गायक आपापल्या शेतावर पळून गेले आहेत.

लेवी काय करायचे याच्या याद्या बायबलमध्ये पुष्कळ आहेत. पण एखादा माणूस घरात काय करतो हे तो घरात नसला की खरं कळतं, तसंच लेवींचंही आहे. म्हणून याद्या बाजूला ठेवून हे एकच प्रकरण नीट पाहू.

काळ आणि माणसं

नहेम्या हा पारस म्हणजे इराणचा राजा पहिला अर्तहशश्त याचा प्यालेबरदार. इ.स.पू. 445 मध्ये तो शूशनच्या राजवाड्यातून यहूदा प्रांताचा कारभारी होऊन आला. 52 दिवसांत त्याने यरुशलेमचा पडका तट उभा केला, 12 वर्षं कारभार पाहिला आणि 433 च्या सुमारास राजाकडे परत गेला. काही काळाने राजाची परवानगी घेऊन तो पुन्हा आला. मंदिरात जे बिघडलं ते या मधल्या काळात.

तोबीया हा अम्मोनी, म्हणजे यहूदाच्या पूर्वेकडच्या शेजारी लोकांतला. तट बांधला जात असताना ‘कोल्हा चढला तरी ही भिंत ढासळेल’ असं हिणवणारा तोच. पण यरुशलेमच्या बड्या घरांशी त्याची सोयरीक होती, पत्रव्यवहार होता, आणि अनेक जण त्याच्याशी शपथेने बांधलेले होते. म्हणजे कोठडीत शिरलेला माणूस कोणी चोर नव्हता. मोठ्या लोकांच्या ओळखीने, दारातून आत आलेला होता.

मंदिर हे दुसरं. शलमोनाचं मंदिर बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. 586 मध्ये जाळलं. बाबेलला नेलेले लोक बंदिवासातून परतले, त्यांनी नवं बांधलं, ते 515 मध्ये पूर्ण झालं. आणि या नव्या मंदिरात सुरुवातीपासून एक अडचण होती: लेवी फार थोडे होते. परतलेल्यांची यादी एज्राच्या पुस्तकात, 2ऱ्या अध्यायात आहे. याजक 4289. लेवी 74. आसाफाच्या घराण्यातले गायक 128 आणि द्वारपाळांच्या घराण्यातले 139, हे वेगळे मोजले आहेत. नुसते याजक आणि लेवी घेतले तर एका लेवीमागे जवळजवळ 58 याजक पडतात. पुढे एज्रा हा याजक आणि शास्त्री स्वतः बाबेलहून माणसं घेऊन निघाला तेव्हा अहवा नदीकाठी तीन दिवस मुक्काम पडला, माणसं तपासली, तर तांड्यात एकही लेवी नाही. कासिफ्या नावाच्या ठिकाणी इद्दो म्हणून प्रमुख होता, त्याच्याकडे माणसं पाठवून विनवावं लागलं, तेव्हा कुठे 38 जण आले.

का आले नसतील हे समजायला कठीण नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, 44व्या अध्यायात, लेवींची जागा ठरवून दिली आहे: दरवाजांवर पहारा करावा, लोकांसाठी पशू कापावेत, लोकांपुढे उभं राहून सेवा करावी, पण वेदीजवळ यायचं नाही. तो मान सादोकाच्या वंशातल्या याजकांचा. बाबेलमध्ये घरदार बसवलेल्या माणसाने शेकडो कोस चालत यायचं ते या कामासाठी, आणि पोट भरायचं ते दुसऱ्यांनी आणून दिलेल्या धान्यावर. पुढच्या काळात तालमुद या यहुदी ग्रंथात तर असं म्हटलं आहे की लेवी आले नाहीत म्हणून एज्राने त्यांना दंड केला आणि दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, याजकांना दिला. जे आले त्यांनाही तो दंड लागू झाला, हे मला पटत नाही.

लेवी नसले की काय थांबतं

वेदीवरचं काम याजकांचं, म्हणजे मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशाचं. लेवी वंश त्याहून मोठा, आणि बाकीचं जवळजवळ सगळं त्याच्याकडे. रानातल्या प्रवासात निवासमंडप, म्हणजे मंदिराआधीचा उपासनेचा तंबू, वाहून न्यायचा तेव्हा गेर्षोनी कुळाकडे पडदे आणि कनाती, मरारी कुळाकडे फळ्या, अडसर, खांब आणि बैठका, आणि कहाथी कुळाकडे कराराचा कोश धरून पवित्र वस्तू. बैलगाड्या वाटल्या त्या गेर्षोनींना 2 आणि मरारींना 4. कहाथींना एकही नाही, कारण त्यांचं ओझं खांद्यावरूनच न्यायचं. मला हा तपशील फार आवडतो. ज्याच्याकडे सगळ्यात पवित्र वस्तू, त्याला गाडी नाही.

मंदिर एका जागी उभं राहिल्यावर वाहून नेण्यासारखं काही उरलं नाही आणि कामं बदलली. बायबलमधल्या ‘इतिहास’ नावाच्या दोन पुस्तकांपैकी पहिल्यात दाविदाने केलेली वाटणी दिली आहे: 38,000 लेवी, त्यातले 24,000 मंदिराच्या कामाला, 6,000 अंमलदार आणि न्यायाधीश, 4,000 द्वारपाळ, 4,000 वादक. आकडे भव्य आहेत. नहेम्याच्या काळात पवित्र नगरात राहणारे लेवी 284 आणि द्वारपाळ 172 होते, हे शेजारी ठेवलं की प्रमाण कळतं.

रोजचं काम कसं होतं ते त्याच पुस्तकाच्या 9व्या अध्यायात दिसतं. द्वारपाळ रात्री मंदिराच्या भोवतीच मुक्कामाला, आणि रोज सकाळी दारं उघडणं त्यांच्याकडे. गावाकडे राहणारे त्यांचे भाऊबंद सात-सात दिवसांच्या पाळीने येत. सेवेची भांडी आत जाताना मोजायची आणि बाहेर येताना पुन्हा मोजायची. सपीठ, द्राक्षारस, तेल, ऊद, सुगंधी द्रव्यं यांच्यावर कोणाची तरी नजर. तव्यावरच्या पोळ्यांचं काम एका ठरावीक माणसाकडे. दर शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, समर्पित भाकरी मांडायच्या, त्या कहाथींनी तयार करायच्या. वजनं-मापं सांभाळणंही लेवींकडेच. गायकांना दुसरं कोणतंही काम नाही, कारण त्यांचं काम रात्रंदिवस. सकाळी आणि संध्याकाळी उभं राहून परमेश्वराचं स्तवन करायचं.

आणखी एक काम लोक विसरतात. नहेम्याच्या 8व्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो आणि लेवी गर्दीत फिरून लोकांना अर्थ समजावतात. ग्रंथ वाचला जाणं आणि तो कळणं यांच्यामध्ये लेवी उभा आहे.

आता हे सगळं वजा करून पाहा. वेदीवर अग्नी आहे, याजक आहे, संध्याकाळचं कोकरू आहे. पण ज्यांनी रांगेत उभं राहून गायचं ते गावाला गेले आहेत. अर्पण होतं, पण मुक्याने होतं. माप घालणारा हात नाही. गावातला माणूस काही विचारायला आला तर सांगणारं कोणी नाही. मंदिर बंद पडलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा कोणी ओरडलं नाही.

पोटाचा हिशेब

लेवींना इतर वंशांसारखा जमिनीचा वाटा नव्हता. ‘गणना’ नावाच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात त्याबदली व्यवस्था आहे: इस्राएलाचा सगळा दशमांश लेवींना, त्यांच्या सेवेचा मोबदला म्हणून. शंभर मापं धान्य झालं तर दहा लेवींची. त्या दहातलं एक लेवींनी याजकांना द्यायचं, आणि ते चांगल्यातलं चांगलं निवडून. राहिलेलं नऊ मापं धान्य म्हणजे जणू त्यांच्या स्वतःच्या खळ्यातलं धान्य आणि स्वतःच्या द्राक्षकुंडातला रस, असं तिथे म्हटलं आहे. खळ्यावर सुगीच्या वेळी बलुतं घालण्याची रीत ज्याने पाहिली किंवा ऐकली आहे त्याला हे लगेच कळेल. वर्षभर केलेल्या कामाचं मोल एका हंगामात, दुसऱ्याच्या खळ्यावर ठरतं.

इथे याजक आणि लेवी यांच्यात एक फरक आहे, आणि माझ्या मते हे प्रकरण त्यावरच फिरतं. याजकाला वेदीवरून मिळतं. अर्पणातला ऊर आणि मांडी, होमार्पणाचं कातडं, अन्नार्पणातला उरलेला भाग, प्रथमफळं. लोक अर्पणं आणतात तोवर याजक उपाशी राहत नाही. लेवीला वेदीवरून काहीच नाही. त्याचा वाटा फक्त कोठारातून. धान्य उन्हाळ्याच्या तोंडाशी येतं, द्राक्षारस आणि तेल नंतर, आणि खायचं तर रोज आहे. म्हणून साठवण हवी, वाटप हवं, आणि दोन्हीसाठी एक मोठी कोरडी कोठडी हवी. तीच तोबीयाला दिली गेली.

अर्तहशश्ताच्या फर्मानाने याजक, लेवी, गायक, द्वारपाळ या सगळ्यांना राजाचे कर माफ होते. पण करमाफीने ताटात भाकर येत नाही.

मग शेतं कुठून आली, असा प्रश्न पडतो. जमीन नाही म्हणायचं आणि शेतावर पळाले म्हणायचं, हे कसं? लेवींसाठी 48 नगरं होती आणि नगराभोवती गुरांसाठी कुरणं, ती विकायला मनाई. याजक घराण्यांकडेही जमिनी होत्या. यिर्मया संदेष्टा अनाथोथच्या याजक घराण्यातला, त्याने चुलतभावाचं शेत 17 शेकेल (तोलाचं जुनं माप) रुप्याला विकत घेतलं. आणि खुद्द नहेम्याच्या 12व्या अध्यायात आहे की गायकांनी यरुशलेमभोवती स्वतःसाठी वाड्या वसवल्या होत्या, गेबा आणि अजमावेथच्या शिवारात. म्हणजे पळून गेले ते याच आसपासच्या वस्त्यांवर. तोट्याचा व्यवहार सोडून कोणी मोठ्या शहरात गेलं नव्हतं. घरच्या बांधावर जाऊन नांगर धरला होता, कारण घरी पोरं होती.

सह्या झालेल्या होत्या

हे सगळं अज्ञानातून झालं असतं तर गोष्ट वेगळी. पण 10व्या अध्यायात लोकांनी लेखी करार केला आहे, त्यावर मोहरा आहेत, पहिलं नाव नहेम्याचं. दरवर्षी माणशी शेकेलाचा तिसरा हिस्सा मंदिराच्या सेवेसाठी. वेदीच्या लाकडांची पाळी चिठ्ठ्या टाकून. प्रथमफळं. आणि दशमांश: लेवींनी गावोगावी जाऊन तो गोळा करायचा, बरोबर अहरोनाच्या वंशातला याजक असायचा, आणि दशमांशाचा दशमांश भांडाराच्या कोठड्यांत आणायचा. हा करार 13व्या अध्यायातल्या घटनांनंतरचा असावा असं काही अभ्यासक मानतात. मी पुस्तकाच्या क्रमाने वाचतो, कारण त्या क्रमातच दुखरी जागा आहे.

कराराचं शेवटचं वाक्य: आम्ही आमच्या देवाच्या मंदिराला सोडून देणार नाही. 13व्या अध्यायात नहेम्या अधिकाऱ्यांना विचारतो: देवाचं मंदिर का सोडून दिलं गेलं? हिब्रूत दोन्हीकडे एकच धातू आहे, ‘अझाव’. टाकून देणं, वाऱ्यावर सोडणं. आणि हाच धातू बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे, 12व्या आणि 14व्या अध्यायात, जिथे शेतकऱ्याला बजावलं आहे की तुझ्या गावातल्या लेवीला सोडून देऊ नकोस, कारण त्याला तुझ्याबरोबर वतन नाही. मंदिर सोडणं आणि लेवीला सोडणं या दोन गोष्टी भाषेनेच एकत्र बांधल्या आहेत. नहेम्याने तो धातू सहज वापरला असेल असं मला वाटत नाही.

लेवींसाठी मात्र नहेम्याने वेगळं क्रियापद वापरलं आहे: ते ‘पळून गेले’. संकटातून जीव वाचवायला पळतात तो शब्द. सोडून दिलं ते दुसऱ्यांनी.

का तुटलं

लोक वाईट होते असं म्हणून मोकळं होता येईल, पण 5वा अध्याय वाचला की तसं म्हणवत नाही. दुष्काळ होता. राजाचा सारा भरायला लोकांनी शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकले होते, काहींच्या लेकी गुलामीत गेल्या होत्या. नहेम्याने कर्जं आणि व्याज सोडायला लावलं, पण राजाचा सारा तसाच राहिला. अशा घरात सुगी आली की पहिला हिस्सा कोणाला जातो? जो शिपाई घेऊन येतो त्याला. लेवी हात जोडून येतो.

आणि इथेच व्यवस्थेतली कच्ची जागा आहे. वसुली करणारा आणि त्यावर जगणारा एकच माणूस. त्याला स्वतःच्या भाकरीसाठी दुसऱ्याच्या खळ्यावर उभं राहून मागावं लागतं. नहेम्या गावात होता तोवर त्या मागण्याला वजन होतं. तो गेल्यावर ते गेलं. कोठड्यांवर एल्याशीब एकटा. त्याचं पोट वेदीवर चालत होतं, त्यामुळे कोठडी रिकामी पडली याची झळ त्याच्या घरापर्यंत पोहोचली नसावी.

आधी कोठडी दिली म्हणून धान्य थांबलं, की धान्य थांबून कोठडी रिकामी पडली म्हणून ती दिली? याचं उत्तर मजकुरातच दडलेलं आहे असं मला वाटतं. 5व्या वचनात कोठडीत आधी काय काय असायचं त्याची यादी आहे: अन्नार्पण, ऊद, भांडी, आणि धान्य, द्राक्षारस, तेल यांचा दशमांश. 9व्या वचनात नहेम्याने परत काय आणलं त्याची यादी आहे: भांडी, अन्नार्पण आणि ऊद. दशमांश नाही. परत आणायला तो नव्हताच. भांडी कुठेतरी दुसरीकडे सरकवलेली होती, ती सापडली. धान्य सरकवलेलं नव्हतं, ते आलेलंच नव्हतं. साफ केलेल्या कोठडीत उभं राहून नहेम्याला हे दिसलं असणार, आणि लगेच पुढच्या वचनात तो लेवींच्या वाट्याची चौकशी करतो.

मलाखी संदेष्ट्याचा 3रा अध्याय साधारण याच काळातला. सगळा दशमांश भांडारात आणा, माझ्या मंदिरात अन्न असू द्या, असं परमेश्वर म्हणतो. या वचनातलं ‘अन्न’ प्रवचनांत बहुतेक वेळा आशीर्वादाच्या अर्थाने सांगितलं जातं. ते आधी अक्षरशः धान्य आहे, आणि आसाफाच्या वंशातल्या कोणा गायकाच्या पोरांनी खायचं आहे.

नहेम्याने काय केलं

त्याने भांडण केलं ते अधिकाऱ्यांशी. लेवींना त्याने एका शब्दाने दोष दिलेला नाही. देवाची सेवा सोडून नांगर कसा धरला, असं विचारलं नाही. मला या माणसाच्या तापट स्वभावाची धास्ती वाटते, त्याच अध्यायात पुढे तो लोकांचे केस उपटतो. पण इथे त्याचा राग बरोबर त्या दारावर जाऊन थडकला.

मग त्याने लेवींना गोळा करून ज्याच्या त्याच्या जागी उभं केलं. त्यानंतर सगळ्या यहूदाने धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा दशमांश भांडारात आणला. क्रम असा आहे. आधी माणसं परत आली, धान्य मागाहून आलं. कोठारात दाणा नसताना, नुसत्या शब्दावर, त्या माणसांनी उभं पीक सोडून पुन्हा मंदिराची वाट धरली. त्यांच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

शेवटची गोष्ट नेमणुकांची. भांडारांवर त्याने नेमलं शलेम्या याजकाला, सादोक लेखकाला आणि लेवींपैकी पदायाला, आणि त्यांच्या हाताखाली हानान, जक्कूरचा मुलगा, मत्तन्याचा नातू. एकट्याच्या हातात किल्ली राहिली नाही. याजकांचा माणूस आहे, हिशेब लिहिणारा आहे, ज्यांचं धान्य त्या लेवींचा माणूस आहे. हानानच्या बापाचं आणि आजाचं नाव पाहा. जक्कूर आणि मत्तन्या ही दोन्ही नावं आसाफाच्या गायक घराण्यात पुन्हा पुन्हा येतात. तो गायकांच्या बाजूने बसवला असावा असा माझा तर्क आहे. कारण एकच दिलं आहे: ते विश्वासू मानले जात. काम एकच दिलं आहे: आपल्या भाऊबंदांना वाटून देणं.

ही घडी कायमची बसली नाही. सुमारे 500 वर्षांनी, मंदिराच्या अखेरच्या दशकात, महायाजकांचे नोकर खळ्यांवर जाऊन दशमांश बळजबरीने उचलत आणि गरीब याजक उपासमारीने मरत, असं योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. तेव्हाही वाद खळ्यावरच होता.

पण नहेम्याच्या हयातीतला एक प्रसंग याच अध्यायात आहे. शब्बाथाच्या दिवशी लोक द्राक्षकुंडं तुडवत होते, गाढवांवर धान्य लादून शहरात आणत होते, सोर या किनाऱ्यावरच्या शहराचे व्यापारी मासे विकत होते. नहेम्याने अंधार पडायच्या आत वेशी लावून घेतल्या आणि पहाऱ्याला आपलेच नोकर उभे केले. व्यापारी एक-दोनदा तटाबाहेर रात्र काढून गेले, त्यांना दम दिला, मग ते फिरकले नाहीत. त्यानंतर नहेम्याने लेवींना सांगितलं, शुद्ध होऊन या आणि वेशींवर पहारा करा. त्याच्या नोकरांची पाळी संपली आणि वेशीवर लेवी उभे राहिले.